गुरुवारी न्योक्की, शनिवारी वजडी

रोममधल्या पहिल्या रात्रीचं बिल मी अजून जपून ठेवलंय. पाव, दोघींचे मिळून 6 युरो. पाणी 5. पास्ता 16. कोशिंबीर म्हणून आलेला पाला 9. मासा 61 युरो 20 सेंट. त्यावर 15 टक्के सेवाशुल्क. एकूण 111 युरो 78 सेंट. आईने रुपयांत किती झाले असं विचारलं तेव्हा मी तिला समोरचं कारंजं दाखवलं.

माशाचं असं झालं. मेनूकार्डावर त्याच्यापुढे साडेआठचा आकडा होता आणि आकड्याशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत 'एत्तो' हा शब्द. एत्तो म्हणजे 100 ग्रॅम. वेटरने अख्खा मासा ताटात घालून आणून दाखवला, मी जाणकारासारखी मान डोलावली आणि तो 720 ग्रॅम भरला. पावाचीही अशीच गंमत. रोम ज्या लाझिओ प्रांतात आहे तिथे 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसल्याबद्दल माणशी घ्यायचा आकार, 2006 च्या प्रांतिक कायद्याने बंद झाला. त्यामुळे तो आता बिलात 'पाव' या नावाने येतो. नको असलेला पाव परत पाठवता येतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सेवाशुल्क मेनूवर छापलेलं असलं की ते घ्यायला हरकत नसते आणि छापलेलं होतंच. थोडक्यात, मला कुणीही फसवलं नव्हतं. सगळं कागदावर होतं, मी ते वाचलं नव्हतं.

दारात उभ्या असलेल्या माणसाने "नमस्ते" म्हणून आम्हाला आत घेतलं होतं. इटालियनमध्ये नाइटक्लबातून दंगेखोरांना बाहेर काढणाऱ्या पहिलवानाला 'बुत्ताफुओरी' म्हणतात, बाहेर फेकणारा. आमच्या स्वागताला उभा होता तो त्याचा उलटा भाऊ, 'बुत्तादेन्त्रो', आत फेकणारा. रोमन लोकांनी दिलेलं नाव आहे हे. ज्या दारात बुत्तादेन्त्रो उभा असेल त्या दारातून रोमन माणूस आत जात नाही.

"देवळाच्या महाद्वारासमोर कधी जेवू नये," आई खोलीवर आल्यावर म्हणाली. "दोन गल्ल्या सोडून जावं. पुजारी जेवतात तिथे." तिने महाराष्ट्रातली बरीचशी तीर्थक्षेत्रं एसटीने केली आहेत. मी मात्र या सहलीसाठी तीन महिने वाचन केलं होतं.

पुढचे आठ दिवस मी आईचा नियम रोमवर लावून पाहिला आणि त्यामागचं गणित मला उलगडत गेलं. पँथिऑन, त्रेवीचं कारंजं, पियात्सा नवोना यांच्या आसपासच्या हॉटेलवाल्याचं गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच येतं. ते जेवून खूश झालं म्हणून उद्या परत येणार नाही आणि चिडलं म्हणून येणं बंदही करणार नाही, कारण त्याचं विमान आहे. मग स्वयंपाकावर खर्च कशाला करायचा? तो जागेच्या भाड्यावर, फोटोंच्या मेनूकार्डावर आणि दारातल्या माणसावर होतो. याचं टोक 2009 मध्ये दिसलं. पियात्सा नवोनाजवळ एका जपानी जोडप्याला दुपारच्या जेवणाचं सुमारे 700 युरोंचं बिल आलं. त्या जोडप्याने पोलिसांत तक्रार दिली, म्हणून ते जगाला कळलं. बहुतेक जण माझ्यासारखे बिल पाकिटात ठेवून घरी येतात.

उलट, ज्या खानावळीत समोरच्या इमारतीतला माणूस आठवड्यातून दोनदा जेवतो, तिथल्या स्वयंपाक्याला उद्याची धास्ती असते. रोममध्ये कुठे जेवायचं हे ठरवणं म्हणजे ही धास्ती कुठे शिल्लक आहे ते शोधणं.

आम्ही राहत होतो तेस्ताच्चो या वस्तीत, आणि ते केवळ तिथली खोली स्वस्त पडली म्हणून. आमची घरमालकीण साठीची, गडगडाटी हसणारी. मी तिला चांगल्या खानावळींची यादी मागितली, तर तिने यादीऐवजी आज वार कोणता ते विचारलं. मला वाटलं, भाषेचा घोळ झाला. घोळ नव्हता. रोममध्ये जुनी म्हणच आहे: जोवेदी न्योक्की, वेनेर्दी पेश्शे, साबातो त्रिप्पा. गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी त्रिप्पा म्हणजे वजडी. शुक्रवार हा कॅथलिकांचा मांस न खाण्याचा वार, म्हणून मासे. त्याच्या आदल्या दिवशी पोटाला आधार देणारं काहीतरी जड, म्हणून बटाट्याची न्योक्की. शनिवारी खाटिकखान्यातून मिळणारी स्वस्त वजडी. सोमवार, गुरुवार, संकष्टी सांभाळून स्वयंपाक करणाऱ्या घरातून आलेल्या मला हे समजायला वेळ लागला नाही. घरमालकिणीचं म्हणणं एवढंच, की अजून वार पाळणाऱ्या खानावळीत बिनधास्त जावं. पर्यटकाला वार माहीत नसतो. त्यामुळे वार पाळणारा स्वयंपाकी कुणासाठी रांधतो आहे ते आपोआप कळतं.

आईचा गुरुवारचा उपास होता. न्योक्की बटाट्याची असते म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. "बटाटा चालतो की मग."

"अगं आई, त्यात मैदा असतो."

"मग रात्री सोडते."

सोडायला मात्र तिला आठ वाजेपर्यंत थांबावं लागलं. हा रोमचा दुसरा धडा. घरगुती खानावळ दुपारी तीनच्या सुमारास बंद होते आणि संध्याकाळी साडेसात-आठच्या आधी उघडत नाही. मधल्या वेळात जी ताटं मांडून बसलेली असते ती आपल्यासारख्यांसाठी, म्हणजे चालून चालून पाय दुखलेल्या, चार वाजता भुकेने कासावीस झालेल्या परदेशी माणसांसाठी. या मधल्या वेळेसाठी रोमन लोकांचा उपाय वेगळा आहे: 'पित्सा अल ताल्यो'. लांबट तव्यातला पित्सा कात्रीने कापून, वजनावर विकतात, उभ्याने खायचा. गरमागरम सुप्प्ली मिळतात, म्हणजे भाताचे तळलेले लांबट गोळे. मधोमध मोडले की आतल्या मोझरेलाची तार दोन तुकड्यांत लोंबते, म्हणून त्यांना 'टेलिफोन' सुप्प्ली म्हणत. शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं, भात बऱ्याचदा खिम्याच्या रश्शात शिजवलेला असतो.

शाकाहाराचा विषय निघालाच आहे तर तो इथेच निपटते. "इटलीत काय, पास्ता-पित्सा मिळतोच" असं आपल्याकडचे टूरवाले सांगतात. रोममध्ये ते अर्धंच खरं. इथल्या चार प्रसिद्ध पास्त्यांपैकी कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रीचा या तिघांत ग्वांचाले असतं, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. उरला काचो ए पेपे: चीज आणि मिरपूड, बस्स. पण त्यातलं पेकोरीनो रोमानो चीज पारंपरिक पद्धतीने कोकराच्या जठरातल्या रेनेटने दूध फाडून करतात, त्यामुळे कडक शाकाहाऱ्याला तेही चालत नाही. (हे 'रोमानो' चीज बहुतांशी सार्दिनिया बेटावर तयार होतं, हा आणखी एक विनोद.) भोपळ्याची फुलं भरून तळतात, आपल्या फुलांच्या भज्यांची आठवण येईल अशी, पण आत मोझरेलासोबत खारवलेली अँकोव्ही असते. हा छोटा मासा आपल्या मांदेलीच्या कुळातला. पुंतारेल्ले नावाचा कुरकुरीत हिवाळी पाला येतो, त्याच्या चटणीतही तीच वाटलेली. 'सेन्त्सा आच्चुगे', म्हणजे अँकोव्ही नको, हे दोन शब्द पाठ करून जावेत. बिनघोर मागण्यासारखी गोष्ट म्हणजे पेन्ने आल्लार्राब्बियाता: टोमॅटो, लसूण, लाल मिरची. अर्राब्बियाता म्हणजे रागावलेली. कोल्हापूरकराला ती फार तर रुसलेली वाटेल. आणि चिकोरीची भाजी, उकडून लसूण-मिरचीवर परतलेली. आईने ती तीन रात्री मागवली आणि तिन्ही रात्री "यात दाण्याचं कूट हवं होतं" असं म्हणत संपवली.

तेस्ताच्चोचं मात्र शाकाहाराशी फारसं देणंघेणं नाही. या वस्तीत 1888 ते 1891 दरम्यान शहराचा मोठा खाटिकखाना बांधला गेला. तो 1975 मध्ये बंद पडला. आज तिथे चित्रप्रदर्शनं भरतात आणि वास्तुशास्त्राची मुलं शिकतात. दरवाजावर बैलाला लोळवणारा पंखवाला पुतळा अजून आहे. जनावराचे चांगले भाग सरदार, पाद्री, व्यापारी आणि सैनिक यांच्यात वाटले गेले की उरायचं ते 'क्विंतो क्वार्तो', चारातला पाचवा हिस्सा: शेपटी, जीभ, आतडी, काळीज, वजडी. खाटिकखान्यातल्या कामगारांना मजुरीचा काही भाग याच ऐवजात मिळे. ते तो शेजारच्या खानावळीत देत आणि खानावळवाली त्याचं काहीतरी करी. त्या 'काहीतरी'तून बैलाच्या शेपटीचं, भरपूर सेलरी घातलेलं, तासन्‌तास शिजवलेलं 'कोदा अल्ला वाच्चिनारा' आलं. वजडी टोमॅटोत शिजून वर रानपुदिना आणि पेकोरीनो घेऊन आली. ज्यांच्या घरी रविवारी वजडी साफ करायला अर्धा दिवस गेलेला आहे त्यांना या स्वयंपाकामागचे कष्ट सांगायला नकोत. गरिबाच्या ताटातलं असं अन्न पुढे महाग होतं, तसंच इथेही झालंय.

यातला सर्वांत तेस्ताच्चोचा पदार्थ म्हणजे पायाता: दूधपित्या वासराची आतडी, आतलं अर्धवट पचलेलं दूध न काढता शिजवलेली. शिजताना त्या दुधाचं दाट सारण होतं आणि ते रिगातोनी पास्त्यावर घालतात. 'मॅड काऊ' रोगाच्या भीतीने युरोपीय संघाने 2001 मध्ये तिच्यावर बंदी आणली. ती 2015 मध्ये उठली. मधली चौदा वर्षं खानावळींनी कोकराच्या आतड्यांवर भागवलं, पण नाव मेनूवरून काढलं नाही. मी ती खाल्ली नाही. वजडी खाल्ली, दोनदा.

याच वस्तीत सुमारे 35 मीटर उंचीची एक टेकडी आहे, मोन्ते तेस्ताच्चो. ही पूर्णपणे खापरांची बनली आहे. प्राचीन रोमला स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून ऑलिव्ह तेल ज्या मोठ्या मडक्यांतून यायचं ती पुन्हा वापरता येत नसत, म्हणून फोडून इथे रचत. पाच कोटींहून जास्त मडकी असावीत असा अंदाज आहे. खापरांच्या फटींतून गार हवा खेळते, म्हणून टेकडीच्या पोटात तळघरं खोदून द्राक्षाची वाइन ठेवू लागले, आणि वाइन आली तिथे खानावळी आल्या. 1887 पासून चालणारी एक तिथे आजही आहे. शहरात आणखी जुन्याही आहेत. पियात्सा नवोनाच्या उत्तरेला एका बोळातली 'ला काम्पाना' आपलं साल 1518 सांगते. पण पाटीवरच्या सालावर जाऊ नये. पाटीवरच्या शब्दावरही नाही. पूर्वी ओस्तेरिया म्हणजे मुख्यतः वाइनचा गुत्ता, त्रात्तोरिया म्हणजे घरगुती खानावळ, रिस्तोरान्ते म्हणजे पांढऱ्या चादरीचं हॉटेल, अशी उतरंड होती. आता सगळेच ओस्तेरिया म्हणवतात, काही जण तर जुनेपणा यावा म्हणून शब्दाच्या आधी एक मुका 'एच'ही लावतात. ओस्तेरियात पूर्वी 'फागोत्तारी' येत: घरून शिदोरी बांधून आणायची, टेबलावर सोडायची आणि पैसे फक्त वाइनचे द्यायचे. आईला ही पद्धत आवडली. "आत्ता चालेल का?" असं तिने विचारलं. तिच्या पिशवीत थालीपीठ होतं.

तिची खरी मेजवानी झाली ती जुन्या ज्यू वस्तीत. पोप चौथा पॉल याने 1555 मध्ये रोमच्या ज्यूंना नदीकाठच्या पूरप्रवण कोपऱ्यात भिंतीआड कोंडलं. तो कोंडवाडा 1870 पर्यंत टिकला. कोणते धंदे करायचे, कुठे राहायचं यावर बंधनं असलेल्या या लोकांनी हाताशी आलेल्या स्वस्त भाज्या तेलात तळून जे केलं त्याचा मुकुटमणी म्हणजे 'कार्चोफी अल्ला जुदीआ'. आर्टिचोक ही एका काटेरी झुडपाची कळी. रोमजवळ पिकणारी जात गोल आणि बिनकाट्याची असते. ती सोलून, एकदा मंद आणि एकदा कडक तेलात तळतात. पाकळ्या उलगडून तांबूस, वेफरसारख्या कुरकुरीत होतात, गाभा लोण्यासारखा राहतो. 2018 मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने हा पदार्थ कोशर नाही असं ठरवलं. पाकळ्यांच्या आत किडे राहिले तर कसे काढणार, असा मुद्दा होता. रोमच्या ज्यूंनी तो सरळ धुडकावला. आमची कळी इतकी घट्ट असते की किडा शिरेलच कुठून, हे त्यांचं उत्तर. धर्मपीठापेक्षा भाजीवालीला जास्त कळतं, अशा थाटात आजेसासू बोलावी तसं.

पण हा आर्टिचोक फेब्रुवारी ते एप्रिलचा. आम्ही मार्चच्या अखेरीस गेलो म्हणून साधलं. जुलैमध्ये तोच पदार्थ त्याच गल्लीत मिळतो, तेव्हा कळी रोमच्या आसपासची नसते. मेनूकार्डावर ऋतू दिसतो का, हे पाहणं सालापेक्षा कामाचं. बारा महिने तेच कार्ड असेल तर उठावं. पदार्थापुढे छोटी चांदणी असेल तर ती शोभेची नव्हे, तळटीप वाचावी: माल गोठवलेला आहे असं तिथे लिहिलेलं सापडतं.

इतकं सगळं परंपरेबद्दल बोलल्यावर एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या कार्बोनारावरून रोमन लोक हातघाईवर येतात, क्रीम घातलं तर पाप म्हणतात, तिचा दुसऱ्या महायुद्धाआधी कुठे लेखी मागमूस नाही. 'ला कुचीना इतालियाना' मासिकाने 1954 मध्ये तिची कृती छापली त्यात लसूण होता आणि स्विस ग्रुयेर चीज होतं. आज असं कुणी वाढलं तर त्याचं दुकान चालणार नाही. म्हणजे ही शुद्ध परंपरा माझ्या आईच्या वयाच्या आसपासची. "अस्सल" या पाटीला फशी पडू नये ते यासाठी. मी अस्सलपणा सोडून दिला आणि ताजेपणा धरला.

जुन्या चवी जपण्याच्या चळवळीची सुरुवात मात्र रोममध्येच झाली. मार्च 1986 मध्ये पियात्सा दी स्पान्यावर, स्पॅनिश पायऱ्यांशेजारी, मॅकडोनाल्ड्स उघडलं. आंदोलकांनी चौकात पास्त्याच्या थाळ्या वाटून निषेध केला. त्यांच्यातला पिएमोंतेचा पत्रकार कार्लो पेत्रिनी याने पुढे 'स्लो फूड' चळवळ उभी केली. तिचा जाहीरनामा पॅरिसमध्ये 10 डिसेंबर 1989 रोजी स्वीकारला गेला, चिन्ह गोगलगाय. 1990 पासून ती मंडळी 'ओस्तेरिये दितालिया' ही मार्गदर्शिका काढतात. साधी, माफक दराची, जवळचा माल वापरणारी ठिकाणं त्यात असतात. मोबाइलवरच्या चांदण्यांपेक्षा माझा तिच्यावर जास्त भरवसा बसला. चांदण्यांचं काय होतं ते इटालियनांनीच दाखवून दिलंय. 2015 मध्ये 'इतालिया आ ताव्होला' या नियतकालिकाने गार्डा सरोवराकाठच्या गावात अस्तित्वातच नसलेलं हॉटेल एका प्रसिद्ध संकेतस्थळावर नोंदवून, खोटे अभिप्राय टाकून पहिल्या क्रमांकावर नेलं. 2018 मध्ये लेच्चेच्या न्यायालयाने हॉटेलांना असे अभिप्राय विकणाऱ्याला नऊ महिन्यांची कैद सुनावली. मॅकडोनाल्ड्स अजून त्या पायऱ्यांजवळ आहे, गर्दीही आहे. आत स्वच्छतागृह चांगलं आहे, आम्ही वापरलं.

डिसेंबर 2025 मध्ये युनेस्कोने इटालियन स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ती बैठक दिल्लीत लाल किल्ल्यात भरली होती, आणि त्याच बैठकीत आपली दिवाळीही त्या यादीत गेली. म्हणजे तुमच्या फराळाच्या ताटाला आणि रोमच्या रिगातोनीला एकाच मांडवात पाट मिळाला.

शेवटच्या रात्री, शनिवारी, घरमालकिणीने सांगितलेल्या खानावळीत आम्ही आठ वाजता गेलो. मेनूकार्ड हाताने लिहिलेलं, एका पानाचं, फक्त इटालियनमध्ये. शेजारच्या टेबलावर तीन पिढ्या जेवत होत्या आणि वेटर त्यांच्यातल्या आजोबांना न विचारता वाढत होता. मी वजडी घेतली, आईने चिकोरी आणि रागावलेली पेन्ने. पाव आला, तो आम्ही ठेवून घेतला, कारण वजडीचा रस्सा पुसायला लागतो. दोघींचं बिल 41 युरो झालं. हेही पाकिटात आहे, पहिल्याला टाचून.

जाणार असाल तर एवढं करा: जेवणाची जागा आधी फोन करून राखून ठेवा, रविवारी रात्री आणि सोमवारी खानावळ उघडी आहे का ते विचारा, आणि 15 ऑगस्टच्या आगेमागे जाऊ नका. त्या दिवसांत चांगल्या खानावळींच्या दारावर 'सुट्टीमुळे बंद'ची चिठ्ठी असते आणि उघडे राहतात ते बुत्तादेन्त्रोवाले.